सह्या पूर्ण, पण हात अडतात: रुग्णालयातल्या प्रशिक्षणात या चुका टाळा

रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या फायली मी बरीच वर्षं सांभाळल्या. हजेरीपत्रक भरलेलं, फोटो लावलेले, प्रमाणपत्रं वाटलेली. एकदा सहज म्हणून, चारच महिन्यांपूर्वी सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याची पद्धत) शिकलेल्या एका सिस्टरना सरावाच्या पुतळ्यावर दाब द्यायला सांगितलं. कोपरं वाकलेली, वेग भलताच जास्त, आणि छाती वर येण्याआधीच पुढचा दाब. प्रौढ रुग्णाला मिनिटाला १०० ते १२० दाब लागतात, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर यावी लागते. सिस्टर खजील झाल्या. खरं तर खजील व्हायला हवं होतं मी, कारण मधल्या चार महिन्यांत तो पुतळा माझ्याच कपाटात कुलूपबंद होता.

वर्षातून एकदा दिवसभराचं सत्र उरकून मोकळं होणं, ही सगळ्यात मोठी चूक. शिकलेलं किती झपाट्याने निसटतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. सीपीआरचं कसब तर काही महिन्यांतच उतरू लागतं, प्रमाणपत्राची मुदत बहुधा दोन वर्षांची असली तरी. म्हणून आठ तासांचे तुकडे करा. ड्युटी बदलताना, ओव्हर (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती) देऊन झाल्यावर, दहा मिनिटं पुतळा वॉर्डातच आणा. दोघीतिघींनी दोन-दोन मिनिटं दाब द्यायचे, बाकीच्यांनी घड्याळ बघायचं. जेवणानंतरच्या अंधाऱ्या सभागृहात स्लाइड दाखवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. (तिथे मीही पेंगलोय.)

दुसरी चूक मोजमापाची. सत्राआधी वीस प्रश्न, सत्रानंतर तेच वीस, गुण वाढले की फाइल बंद. प्रशिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या मांडणीत मूल्यमापनाच्या चार पायऱ्या आहेत: सत्र आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि रुग्णाला त्याचा फायदा झाला का. आपण दुसरीवरच थांबतो. हात कधी स्वच्छ करायचे, ते जागतिक आरोग्य संघटनेचे पाच क्षण परीक्षेत सगळे घडाघडा म्हणतात. वॉर्डात अर्धा तास शांत उभं राहून पाहा. पाचवा क्षण हमखास हुकतो: रुग्णाला स्पर्श न करता नुसता पलंगाचा कठडा किंवा सलाइनचा पंप हाताळला, की हात तसेच पुढच्या रुग्णाकडे.

मात्र तिथे उभे असताना सॅनिटायझरची बाटलीही दाबून पाहा. रिकामी निघाली तर कर्मचाऱ्यांना पुन्हा वर्गात बसवून उपयोग नाही. भांडार विभागाला फोन करा. चूक झाली की प्रशिक्षण लावायचं, ही एक खोडच आहे. अडचण माहितीची आहे, सवयीची आहे की सामानाची, हे आधी ठरवा.

तिसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते. सत्र दुपारी तीनला, म्हणजे रात्रपाळीवाल्यांनी झोपमोड करून यायचं. आणि कंत्राटी सफाई कर्मचारी? त्यांची नावं यादीतच नसतात. पण कुणीतरी चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई टोचते ती त्यांनाच. टोचल्यावर बोट दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि लगेच कळवायचं. एचआयव्ही टाळण्याची औषधं शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. ओरडा बसेल म्हणून एखादी बाई दोन दिवस गप्प बसली, तर त्यातला बराचसा वेळ तिथेच गेला. तिच्या ड्युटीच्या वेळेत, तिच्या बोलीत, रिकामी सुईपेटी (वापरलेल्या सुया टाकायचा डबा) हातात देऊन शिकवा. सुईला दोन हातांनी टोपण बसवायचं नाही, हे डॉक्टरांनाही त्याच वेळी ऐकवा. सिनियर डॉक्टर सहसा फक्त उद्घाटनाला येतात.

आग विझवण्याचं प्रात्यक्षिक सुरक्षारक्षकाने करायचं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हेही बंद करा. अग्निशामक नळकांड्याची पिन प्रत्येकाने ओढून पाहावी.

आमच्याकडचा पुतळा आता कपाटात नसतो. तो रात्रपाळीच्या सिस्टरांच्या ताब्यात असतो. दोन महिन्यांत त्याच्या छातीची स्प्रिंग ढिली झाली, आणि दुरुस्तीच्या अर्जावर सही करताना मला पहिल्यांदाच बरं वाटलं.