हिस्टामिनच्या बाबतीत या चुका टाळा: पित्ताच्या गोळीपासून ऑर्गन बाथपर्यंत

मराठीत 'पित्त' हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या त्रासांसाठी वापरतो. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आले की 'पित्त झालं'. अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या की 'पित्त उठलं'. नवल असं की या दोन्ही ठिकाणी एकाच रेणूचा हात असतो, हिस्टामिनचा. आणि पहिली चूकही इथेच होते. अंगावर गांधी उठतात, घरात असलेली आम्लपित्ताची गोळी घेतली जाते आणि तासाभराने खाज होती तशीच.

कारण साधं आहे. हिस्टामिन एकच असलं तरी ते ज्या ग्राहींना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटतं ते चार प्रकारचे आहेत. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि खाजेच्या संवेदनेचे मज्जातंतू यांच्यावर काम होतं ते मुख्यतः एच-१ मार्फत. जठरात आम्ल तयार करणाऱ्या पेशींवर असतात एच-२. सेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही एच-१ अडवणारी औषधं. फॅमोटिडिन एच-२ अडवतं. ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल तर हिस्टामिनच्या वाटेलाच जात नाहीत, ती थेट आम्लाचा पंप बंद करतात. म्हणून ती गांधींवर चालतील ही अपेक्षाच चुकीची. गांधी हट्टी असतील तर डॉक्टर कधी कधी एच-१ च्या जोडीला एच-२ अडवणारं औषध देतात, पण एकट्या एच-२ च्या गोळीवर भिस्त ठेवून चालत नाही.

हा गोंधळ फक्त घरातला नाही, शास्त्रज्ञांनाही त्याने बरीच वर्षं सतावलं. डॅनिएल बोवे आणि आन-मारी श्टाउब यांनी १९३७ मध्ये पहिलं हिस्टामिनविरोधी संयुग दाखवलं. त्यानंतर अशी कितीतरी औषधं आली, ती ॲलर्जीवर चालली, पण हिस्टामिनमुळे जठरात पाझरणारं आम्ल त्यांपैकी एकालाही थांबवता आलं नाही. हे कोडं सुटायला १९७२ उजाडलं. जेम्स ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी ब्युरिमामाइड वापरून दाखवून दिलं की जठरात ग्राहीच वेगळा आहे. पुढे त्यातून सिमेटिडिन हे एच-२ अडवणारं औषध आलं, आणि १९८८ च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता.

झोप आली म्हणजे गोळी लागू पडली?

हा समज फार खोलवर रुजलेला आहे. मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्ये हिस्टामिन तयार करणाऱ्या चेतापेशींचा एक छोटा समूह आहे. आपण जागे असतो तेव्हा त्या पेशी सतत काम करत असतात आणि आपल्याला जागं ठेवतात. क्लोरफेनिरामिन किंवा डायफेनहायड्रामिन यांसारखी जुनी औषधं मेंदूत शिरतात आणि तिथले एच-१ ग्राही अडवतात, म्हणून डोळे मिटायला लागतात. त्वचेवर काय झालं याचा त्या झोपेशी काही संबंध नाही. फेक्सोफेनाडिन मेंदूत जवळजवळ शिरत नाही, त्यामुळे झोप येत नाही, आणि गांधींवर ते उत्तम चालतं. 'झोप आली नाही म्हणून अजून एक घेतली' असं कुणी सांगितलं की मला खरंच काळजी वाटते. विशेषतः त्यानंतर गाडी चालवायची असेल तर.

त्याहून गंभीर चूक वेळेची. मास्ट पेशी म्हणजे हिस्टामिन साठवून ठेवणाऱ्या पेशी. त्यांच्या कणांत साठलेलं हिस्टामिन काही मिनिटांत बाहेर पडतं. गोळी ते परत गोळा करत नाही, ग्राहीची जागा अडवून बसते, एवढंच. तोंडाने घेतलेल्या गोळीला ती जागा गाठायला साधारण तासभर लागतो. घसा आवळतोय, श्वास लागतोय, रक्तदाब घसरून चक्कर येतेय, अशी तीव्र ॲलर्जीची लक्षणं असताना गोळी देऊन वाट पाहणं म्हणजे मोलाची मिनिटं घालवणं. तिथे पहिलं औषध मांडीच्या स्नायूत दिलेलं ॲड्रेनॅलिनच. ते हिस्टामिनच्या ग्राहीला हातही लावत नाही. स्वतःच्या वेगळ्या ग्राहींमार्फत रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका मोकळ्या करतं आणि मास्ट पेशींना आवर घालतं.

प्रत्येक खाज हिस्टामिनची नसते हेही इथेच सांगते. ॲटॉपिक डर्मटायटिसची (एक्झिमाची) खाज किंवा क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधानंतर काही जणांना सुटणारी खाज बऱ्याच अंशी दुसऱ्या मार्गांनी येते. तिथे एच-१ ची गोळी फारशी उपयोगी पडली नाही तर गोळी बनावट आहे असं समजू नका. उलट, हिस्टामिन सुटलं म्हणजे ॲलर्जीच असंही नाही. मॉर्फिन किंवा वेगाने दिलेलं व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक मास्ट पेशींना प्रतिपिंडांशिवायच उघडतात.

त्वचेची चाचणी आणि रक्ताचा नमुना

प्रिक टेस्टमध्ये, म्हणजे त्वचेवर थेंब ठेवून हलकं टोचून केलेल्या ॲलर्जीच्या चाचणीत, ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या थेंबांबरोबर एक थेंब हिस्टामिनचा असतो, सहसा हिस्टामिन डायहायड्रोक्लोराइड, १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर. आधी टोचल्या जागी लाल ठिपका दिसतो, मग तिथे फिकट फुगवटा उठतो आणि त्याच्याभोवती लाली पसरते. या त्रयीचं वर्णन थॉमस लुईस यांनी १९२० च्या दशकात केलं. बाहेरची लाली हिस्टामिन पसरल्यामुळे येत नाही. त्वचेतले मज्जातंतू उलट्या दिशेने संदेश नेऊन तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ती येते.

इथे लोक हिस्टामिनचा थेंब औपचारिकता समजून सोडून देतात. तो थेंब म्हणजे चाचणीचा साक्षीदार आहे. तो उठलाच नाही तर बाकीचे सगळे 'निगेटिव्ह' निकाल कवडीमोल. बहुतेक वेळा कारण एकच निघतं, रुग्णाने आदल्या दिवशी सर्दीची गोळी घेतलेली असते आणि तिच्यात एच-१ अडवणारं औषध असतं हे त्याला माहीत नसतं. नैराश्यावरची काही जुनी औषधंही असाच परिणाम करतात. म्हणून 'ॲलर्जीची गोळी घेतली का?' एवढंच न विचारता गेल्या आठवड्यात कुठलीही गोळी घेतली का ते विचारा. मात्र नियमित चालू असलेलं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायला सांगू नका.

रक्तात हिस्टामिन मोजायचं असेल तर घड्याळाकडे बघा. तीव्र प्रतिक्रियेनंतर ते पाच-दहा मिनिटांत शिखर गाठतं आणि तासाभरात पूर्वपदावर येतं. दोन तासांनी घेतलेल्या नमुन्यात काही सापडलं नाही, यावरून प्रतिक्रिया झालीच नव्हती असं म्हणता येत नाही. तोवर ट्रिप्टेज, म्हणजे मास्ट पेशींतूनच सुटणारं एन्झाइम, मोजणं शहाणपणाचं, कारण ते एक-दोन तासांनी शिखरावर असतं. उलटा धोकाही आहे. रक्तातलं बरंचसं हिस्टामिन बेसोफिल या पांढऱ्या पेशींच्या पोटात असतं. बारीक सुईने ओढून घेतलेला, जोरात हलवलेला, उशिरा सेंट्रिफ्यूज केलेला नमुना असेल तर पेशी फुटतात आणि प्लाझ्मातला आकडा फुगतो. नमुना बर्फावर ठेवा, हळुवार हाताळा आणि लवकर सेंट्रिफ्यूज करा.

लघवीचा नमुना तसाच उघड्यावर राहिला तर जिवाणू हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून हिस्टामिन बनवतात. हीच शंका या रेणूच्या इतिहासातही मोठी होती. विंडाउस आणि फोग्ट यांनी १९०७ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला, डेल आणि लेडलॉ यांनी १९१० मध्ये त्याचे शरीरावरचे परिणाम मांडले. पण ऊतींच्या अर्कात सापडणारं हिस्टामिन शरीराचं स्वतःचं की कुजण्यातून आलेलं, हा प्रश्न लोंबकळत राहिला. १९२७ मध्ये डेल आणि सहकाऱ्यांनी ताज्या यकृत आणि फुप्फुसातून ते वेगळं केलं, तेव्हा शंका फिटली. नीट थंड न ठेवलेल्या ट्यूना किंवा बांगड्यात आजही तेच घडतं. जिवाणूंनी एकदा हिस्टामिन बनवलं की शिजवून ते जात नाही, आणि त्यातून होणारी विषबाधा माशाच्या ॲलर्जीसारखीच दिसते.

प्रयोगशाळेतली सर्वांत महागडी चूक: वजन

बाटलीत 'हिस्टामिन' नसतंच, त्याचा क्षार असतो. हिस्टामिन बेसचं रेणुभार १११.१५. डायहायड्रोक्लोराइडचं १८४.०७. डायफॉस्फेटचं ३०७.१४, आणि त्यात स्फटिकजल असेल तर आणखी जास्त. म्हणजे १० मिलिग्रॅम बेस हवा असेल तर डायहायड्रोक्लोराइड साधारण १६.६ मिलिग्रॅम घ्यावं लागतं आणि डायफॉस्फेट २७.६. दोन विद्यार्थी शेजारी शेजारी बसून '१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर' द्रावण करतात, एकाकडे एक क्षार, दुसऱ्याकडे दुसरा. मग दोघांचे डोस-रिस्पॉन्स आलेख (कुठल्या डोसला किती प्रतिसाद आला ते दाखवणारे) जुळत नाहीत आणि दोष प्रयोगातल्या आतड्याच्या तुकड्याला दिला जातो. उपाय असा की मोलर मापात काम करा, बाटलीवर छापलेलं रेणुभार वहीत उतरवा आणि क्षाराचं नाव आलेखाच्या अक्षावर लिहा. पावडर ओलावा ओढते, म्हणून फ्रीजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. पातळ द्रावणं त्या दिवसापुरतीच करा.

गिनीपिगचं इलियम: प्रतिसाद का घसरतो?

इलियम म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग, हिस्टामिनच्या चाचणीसाठी जुना आणि भरवशाचा ऊतक. १० मिलिलिटरच्या ऑर्गन बाथमध्ये, म्हणजे आतड्याचा तुकडा जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात, १०⁻⁴ मोलर द्रावणाचे ०.१ मिलिलिटर टाकले की अंतिम तीव्रता साधारण १०⁻⁶ मोलर होते, आणि पुढच्या काही सेकंदांत आतड्याला धाग्याने जोडलेली लेखणी सरसर वर चढते. ते पाहताना दरवेळी मला तितकंच बरं वाटतं.

मग तक्रार येते, 'मॅडम, डोस तोच आहे, पण उंची दरवेळी कमी होतेय.' मी आलेखाखालच्या वेळा बघते. पहिल्या दोन डोसांमध्ये पाच मिनिटांचं अंतर, मग चार, मग अडीच. प्रात्यक्षिकाची वेळ संपत आली म्हणून घाई केलेली असते. एच-१ ग्राही वारंवार उद्दीपित झाले की मंदावतात, त्यांना विश्रांती लागते. संपर्काचा वेळ ठरवून घ्या, ३० सेकंद पुरतात. मग तीनदा धुवा, लेखणी मूळ रेषेवर आली का ते बघा, आणि पाच मिनिटांचं चक्र शेवटपर्यंत मोडू नका. मोठा डोस दिला असेल तर विश्रांतीही जास्त द्या. प्रतिसाद दोनदा सारखा आल्याशिवाय आलेख सुरू करू नका.

प्रतिसाद पहिल्यापासूनच मेलेला असेल तर आधी आतडं ज्यात बुडवलेलं असतं ते टायरोड द्रावण तपासा. कॅल्शियम क्लोराइड बायकार्बोनेटबरोबर कोरडंच टाकलं की पाणी दुधाळ होतं, कॅल्शियम खाली बसतं, आणि कॅल्शियमशिवाय स्नायू आकुंचन पावत नाही. ते वेगळं विरघळवून, पातळ करून, सगळ्यात शेवटी हलवत हलवत घाला. त्यानंतर हवेचे बुडबुडे, मग ३७ अंशांचं पाणी. गाठ बांधताना आतड्याचं तोंड बंद केलं नाही ना, धागा बाथच्या काचेला घासत नाही ना, हेही पाहा. घासणारा धागा लेखणीला पायऱ्या-पायऱ्यांनी चढवतो, त्यावरून तो लगेच ओळखू येतो.

अज्ञात अर्काने आतडं आकुंचन पावलं म्हणून 'अर्कात हिस्टामिन आहे' असं लिहून मोकळे होऊ नका. ॲसिटिलकोलीन आणि ब्रॅडिकायनिनही तेच करतात. सुरुवातीपासून टायरोडमध्ये ॲसिटिलकोलीनला अडवणारं ॲट्रोपिन ठेवा आणि शेवटी एच-१ अडवणारं मेपिरामिन देऊन पाहा. शेवटीच, कारण मेपिरामिन धुऊन सहज जात नाही. ते आधी दिलं तर त्या तुकड्यावरचा पुढचा दिवस वाया गेला. ॲड्रेनॅलिनने आतडं सैल पडलं तर त्याला हिस्टामिनविरोधी म्हणू नका. ते वेगळ्या ग्राहीवरून उलट दिशेला ओढतं, त्याचं पीए२ (ग्राही अडवण्याच्या ताकदीचा आकडा) काढण्यात अर्थ नाही.

प्राणी बदलला की उत्तरही बदलतं. गिनीपिग हिस्टामिनला अतिशय संवेदनशील असतं, उंदीर पुष्कळ सहन करतात. उंदराच्या मास्ट पेशींत सेरोटोनिनही भरलेलं असतं, त्यामुळे तिथली सूज एकट्या हिस्टामिनच्या खात्यात टाकता येत नाही. मोठ्या उंदराचं, म्हणजे रॅटचं गर्भाशय तर हिस्टामिनने आकुंचन पावण्याऐवजी सैल पडतं, कारण तिथे एच-२ वरचढ असतात. रक्तवाहिनीच्या कड्या वापरत असाल तर आतलं अस्तर जपा. अस्तरातल्या एच-१ मुळे नायट्रिक ऑक्साइड सुटून वाहिनी सैलावते. चिमट्याने अस्तर खरवडलं गेलं की खालचा स्नायू आकुंचन पावू शकतो आणि निकाल उलटा दिसतो. कडी आधी ॲसिटिलकोलीनने सैलावते का ते तपासून मगच पुढे जा.

एलायझा, म्हणजे प्रतिपिंडाच्या मदतीने रेणू मोजणारी चाचणी, करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. रेणू इतका लहान आहे की किटमध्ये आधी ॲसायलेशनची, म्हणजे रेणूला रासायनिक गट जोडण्याची, पायरी दिलेली असते आणि प्रतिपिंड त्या बदललेल्या रूपालाच ओळखतो. प्रमाण द्रावणांवर (ज्यांची तीव्रता आधीच माहीत असते) ती पायरी केली आणि नमुन्यांवर राहून गेली, तर नमुने रिकामे दिसतात. शिवाय ही स्पर्धात्मक चाचणी आहे, म्हणजे नमुन्यातलं आणि प्लेटवरचं हिस्टामिन एकाच प्रतिपिंडासाठी झगडतात, गडद पिवळा रंग म्हणजे हिस्टामिन कमी. प्लेट वाचण्यापूर्वी शून्य प्रमाणाची विहीर सगळ्यात गडद आहे का, एवढं डोळ्यांनी बघून घ्या.