सिंधहून आलेले आजोबा, परदेशी नातू आणि ओसीआय कार्ड

आजोबांचा जन्म शिकारपूरचा, घर आता ठाण्याच्या कोपरी कॉलनीत, नातू जन्माने अमेरिकन. त्याला ओसीआय, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते कार्ड, मिळेल का? मिळतं. कायदा आजोबांचं जन्मगाव पाहत नाही, ते कधी पाकिस्तानचे नागरिक होते का ते पाहतो. निम्मे घोळ या दोन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळेच होतात.

म्हणून पहिल्यांदा तारीख शोधा. १९ जुलै १९४८ च्या आधी इकडे येऊन इथेच राहिलेले लोक घटनेच्या कलम ६ नुसार आपोआप नागरिक ठरले. त्या दिवशी किंवा त्यानंतर आलेल्यांना सहा महिने राहून, अर्ज करून नाव नोंदवावं लागलं. अडतं ते तिसऱ्यांचं. जे तिकडेच राहिले, पाकिस्तानी नागरिक झाले आणि पुढे कधीतरी भारतात येऊन इथलं नागरिकत्व घेतलं. नागरिकत्व कायद्याचं कलम ७अ ओसीआय नाकारताना पाकिस्तानी नागरिक ‘आहे’ इतकंच म्हणत नाही, ‘होता’ही म्हणतं, आणि ते पणजोबांपर्यंत लागू होतं. अशा घरात फी भरून उपयोग नाही, एन्ट्री व्हिसाचं बघा. आईकडची बाजूही तपासा. ती हमखास विसरली जाते.

आता कागद. सगळ्यात वजनदार म्हणजे आजोबांचा जुना भारतीय पासपोर्ट, मुदत संपलेला असला तरी चालतो. पहिलं आणि शेवटचं, दोन्ही पानं स्कॅन करा. आई-वडिलांची नावं शेवटच्या पानावर असतात. पासपोर्ट नसेल आणि आजोबा हयात असतील तर सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र काढा. ट्रंकेत निर्वासितांच्या भरपाईचे, म्हणजे १९५४ च्या कायद्याखालचे कागद सापडले तर जोडा, पण त्यांच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. सिंधी लिपीतल्या कागदाला नोटरी केलेलं भाषांतर लागतं. आणि कृपा करून काही लॅमिनेट करू नका! घडीवर फाटलेला कागद गरम प्लास्टिकमध्ये गेला की शाई पसरते, मग शिक्का वाचता येत नाही. पारदर्शक फोल्डर पुरे.

आजोबा ते नातू ही साखळी जन्मदाखल्यांनी जोडायची असते, आणि ती तुटते मधल्या कडीवर, म्हणजे बाबांच्या दाखल्यावर. ठाणे महानगरपालिका १९८२ ची. बाबा १९६५ चे असतील तर नोंद नगरपरिषदेच्या जुन्या रजिस्टरातली, आणि त्यात बाळाच्या नावाचा रकाना बऱ्याचदा कोरा. नुसतं ‘पुरुष’ असलेला दाखला पुढे चालत नाही, आधी त्यात नाव चढवून घ्या. नोंदच नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्यायचं आणि उशिराच्या नोंदीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश मिळवायचा. याला वेळ लागतो, म्हणून तिकिटं काढण्याआधी सुरुवात करा. नातवाचा परदेशी जन्मदाखला आई-वडिलांची नावं असलेला, पूर्ण नमुन्यातलाच हवा. छोट्या नमुन्यात ती नसतात.

नावांचं स्पेलिंग हा वेगळाच ताप. एका कागदावर परसराम, दुसऱ्यावर पारसराम, आडनावाच्या शेवटी कुठे ‘आणी’, कुठे ‘आनी’. एकाच प्रतिज्ञापत्रात सगळी रूपं लिहून ‘ही एकच व्यक्ती’ असं नमूद करा. आजोबांच्या पासपोर्टचं नूतनीकरण असेल तर जन्मदेशाच्या रकान्यात पाकिस्तान लिहू नका. १५ ऑगस्ट १९४७ पूर्वीचा जन्म असेल तर ‘अविभाजित भारत’ हा पर्याय आहे. तिथली चूक पुढे नातवाच्या अर्जात डोकं वर काढते.

बाबांनी स्वतः परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार त्यांचं भारतीय नागरिकत्व तेव्हाच संपलं. त्यांचा भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्या. तो वापरून प्रवास करणं हा गुन्हा आहे.

राहिला फोटो. ५१ बाय ५१ मिलिमीटर, चौकोनी. मागचा पडदा फिकट रंगाचा हवा, पण पांढरा नको. स्टेशनसमोरचा स्टुडिओवाला सवयीने पांढऱ्यावर ३५ बाय ४५ काढून हातात ठेवतो, म्हणून बसायच्या आधीच सांगा. सही न येणाऱ्या बाळाचा अंगठा उठवायचा, तोही सहीच्या चौकटीच्या आतच.