मुरघास भिजला की रेशनचा हिशेब बदला

इगतपुरी-घोटीकडे पावसाची झड लागली आणि मुरघासाच्या (हवाबंद दाबून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) खड्ड्याचं तोंड उघडं राहिलं, की पाटी तीच २० किलोची भरते, पण तिच्यात चारा कमी अन् पाणी जास्त असतं. रेशन, म्हणजे गायीचा रोजचा खुराक, किलोवर नाही, पाणी वगळून उरणाऱ्या कोरड्या अंशावर बसवायचं असतं.

कोरडा अंश ३५ टक्के असताना २० किलो मुरघासातून ७ किलो कोरडा चारा पोटात जातो. तोच २८ टक्क्यांवर आला, तर फक्त ५.६ किलो. गायीचं पोट भरलेलं दिसतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) मात्र तेवढंच असल्याने चाऱ्याच्या मानाने त्याचा वाटा वाढतो. रवंथ कमी होतो, शेण पातळ पडतं, दुधाचा फॅट उतरतो. अशा वेळी दूध वाढावं म्हणून आंबोण आणखी वाढवू नका, दुखणं तिथेच आहे. ७ ला ०.२८ ने भागा: मुरघास २५ किलो घाला.

मोजणी घरच्या मायक्रोवेव्हवर होते. आज जो मुरघास घालणार त्याच ढिगातून पाच-सहा जागांवरून मूठमूठ घ्या, एकत्र करा, काचेच्या ताटलीचं वजन वगळून बरोबर १०० ग्रॅम तोला. कोपऱ्यात पाण्याचा कप ठेवा, नाहीतर शेवटी नमुना करपतो, आणि करपला की आकडा खोटा. आधी ३ मिनिटं, मग हलवून एकेक मिनिट. लागोपाठ दोनदा वजन तेच आलं की थांबा. ३१ ग्रॅम उरले तर कोरडा अंश ३१ टक्के. एरवी आठवड्यातून एकदा पुरे, झडीत दोन-तीन दिवसांनी मोजा.

येवला-सिन्नरच्या उन्हाळ्यात उलटी अडचण. कडब्याची कुट्टी जास्त असली की गाय नाकाने ती बाजूला सारते आणि भरडा-पेंड वेचून खाते. कोरडा अंश ६० टक्के असलेल्या २० किलो चारा-आंबोणाच्या मिश्रणात ४ लिटर पाणी शिंपडून ढवळलं, की तो ५० वर येतो आणि भरडा कुट्टीला चिकटतो. मात्र ओलं मिश्रण उन्हात तापून आंबतं. दोन वेळा ताजं करा, हात घालून गरम लागलं तर गव्हाण रिकामी करा.

सरकी पेंड आणि मका भरड्यात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा. बुरशी आलेलं पोतं वाळवून वापरू नका. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, उन्हाने पूर्ण जात नाही, ते दुधात उतरतं.