पहिलं वर्ष परदेशात, पुढचं कदाचित इथे: आधी कागद जमवा

बारावीनंतर बाहेर गेलात आणि दुसऱ्या वर्षाला परत यायचा विचार मनात असेल, तर तयारी पहिल्या सत्रापासूनच करा. नुसत्या गुणपत्रिकेवर इथलं विद्यापीठ प्रवेश देत नाही. ते विषयागणिक अभ्यासक्रम पडताळून पाहतं. म्हणून प्रत्येक विषयाचा सविस्तर अभ्यासक्रम, म्हणजे आठवड्यांचे घटक, तासिका, प्रात्यक्षिकं, परीक्षेची पद्धत, पीडीएफमध्ये उतरवून ठेवा. कॉलेज सोडलं की विद्यार्थ्याचं लॉगिन बंद होऊ शकतं आणि मग हीच पानं मिळवायला महिनोन्महिने ईमेल करत बसावं लागतं.

क्रेडिटचा, म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून विषयाला दिलेल्या भाराचा, हिशेबही समजून घ्या. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, अमेरिकेत साधारण ३०, आपल्याकडे नव्या शैक्षणिक धोरणानुसार ४० ते ४४. आकडा जुळत नाही म्हणून घाबरू नका, पण एका क्रेडिटला किती तास धरलेत ते कॉलेजकडून लेखी घ्या.

आपल्याकडे मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचं विद्यापीठ सोडल्याचा दाखला, मागतात, परदेशी विद्यापीठं सहसा तसं काही देत नाहीत. त्याऐवजी रजिस्ट्रारकडून तुम्ही कधी ते कधी शिकलात याचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या.

एमबीबीएसला मात्र ही वाट नाही. २०२२ मध्ये युक्रेनहून परतलेल्या मुलांनाही भारतीय वैद्यकीय कॉलेजांत सामावून घेण्याची तरतूद नसल्याचं केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. एमबीबीएससाठी या आशेवर वर्ष घालवू नका.

आणि इथला प्रवेश हातात येईपर्यंत तिथलं नाव काढू नका. रजेचा अर्ज करता येतो का, ते आधी विचारा.