घर विकायला काढताय? फोटो काढण्याआधी ही तयारी करा

मुंबईत घर शोधणारा माणूस फोटोत आधी मोकळी जागा बघतो. चारशे चौरस फुटांच्या वन बीएचकेत फरशी जितकी सलग दिसेल, तितकं घर ऐसपैस वाटतं. म्हणून घर सजवण्याआधी ते रिकामं करा. नवे अभ्रे, शोपीस आणायची काही गरज नाही.

हॉलमध्ये सोफा, टीव्ही युनिट आणि एक छोटं टेबल पुरे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, इस्त्रीचं टेबल, दाराजवळच्या चपला, कपाटावरच्या बॅगा सगळं हलवा. पण ठेवायचं कुठे? माळा तर आधीच भरलेला असतो. अशा वेळी सगळं सामान बेडरूममध्ये टाकून हॉल आणि किचनचे फोटो उरका, मग तेच सामान हॉलमध्ये आणून बेडरूमचे काढा. बाथरूममध्ये किंवा गॅलरीत काही कोंबू नका, त्यांचेही फोटो लागतात.

सगळ्यात जास्त वेळ किचनला द्या. ओट्यावर फक्त शेगडी राहू दे. मिक्सर, मसाल्याचे डबे, भांड्यांची जाळी, घासणी, साबण सगळं आत. शेगडीमागच्या टाइल्सवर तेलाचा थर असतो. रोजच्या नजरेला तो दिसत नाही, फोटोत मात्र पिवळट उठून दिसतो. गरम पाण्यात खाण्याचा सोडा आणि भांड्यांचा लिक्विड साबण मिसळून टाइल्सना लावा, दहा-पंधरा मिनिटांनी पुसा आणि सांध्यांतला मळ जुन्या टूथब्रशने काढा. नळावरच्या पांढऱ्या डागांसाठी पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन त्यात भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं नळाला गुंडाळून ठेवा, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा. ओटा कडाप्प्याचा किंवा संगमरवरी असेल तर मात्र त्यावर व्हिनेगरचा थेंबही सांडू देऊ नका. आम्ल हे दगड खातं, चकाकी जाते आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय येत नाही. ग्रॅनाइटला तेवढी भीती नाही.

आता भिंतीवरची ओल. फोटोपुरता वरून रंगाचा हात मारायचा मोह टाळा. भिंत आतून ओली असेल तर नवा रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि घर बघायला आलेल्यांची नजर नेमकी तिथेच जाते. पाणी वरच्या मजल्याच्या बाथरूममधून येतंय की बाहेरच्या भिंतीतून, ते आधी शोधून बंद करा. मग सुटलेली पुट्टी खरवडा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि त्यानंतर पुट्टी, प्रायमर, रंग. पावसाळ्यात भिंत धड वाळत नाही, त्यामुळे हे काम दिवाळीनंतरच काढलेलं बरं. तोवर डागापुढे कपाट सरकवून फोटो काढू नका. ती समोरच्याची फसवणूक आहे.

उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन नको. फरशीवर कडक ऊन पडलं की तेवढा भाग पांढराफटक येतो आणि बाकी खोली काळवंडते. पूर्वेची खिडकी असेल तर दुपारी, पश्चिमेची असेल तर सकाळी दहा-अकराला फोटो काढा. समोरची इमारत खेटून असेल तर खालच्या मजल्यांवर १२ ते २ हीच वेळ. पडदे आणि मच्छरजाळी बाजूला सरकवा, ग्रिलमधले वाळत घातलेले कपडे काढा. पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकाच वेळी लावू नका, भिंतींचा रंग बिघडतो. पंखा बंद ठेवा.

फोनची लेन्स पुसा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून ग्रिड (स्क्रीनवरच्या आडव्या-उभ्या रेषा) चालू करा, फोन आडवा आणि जमिनीपासून साधारण चार फुटांवर धरा. खोलीच्या कोपऱ्यात किंवा दारात उभं राहा आणि कपाटाच्या, दाराच्या कडा फोटोत सरळ उभ्या येताहेत ना, ते बघा. कॅमेऱ्यात 0.5 असं दिसणारी, जास्त रुंद भाग टिपणारी वाइड लेन्स बाथरूमपुरतीच ठेवा. खोलीत वापरली की कडेचा पलंग ताणल्यासारखा दिसतो, आणि खोली फोटोत दिसली तेवढी नाही हे कळल्यावर माणूस दारातूनच नाराज होतो.

फोटो टाकण्याआधी प्रत्येक फोटो मोठा करून तपासा: दारावरची नावाची पाटी, टेबलावरचं लाइट बिल, हुकाला लटकलेल्या किल्ल्या, मुलांचे फोटो, आरशात दिसणारे तुम्ही. गेट, लिफ्ट किंवा पार्किंगचे फोटो घ्यायचे असतील तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी विचारा, आणि गाड्यांचे नंबर झाका.