विक्रमी मासा हातचा का जातो? हौसेने गरवणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

2 जुलै 2009 रोजी जपानमधील बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांच्या गळाला लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला मासा लागला आणि काट्यावर त्याचे वजन 10.12 किलो भरले. या जातीचा विक्रम 2 जून 1932 पासून अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या जॉर्ज पेरी यांच्या नावावर होता. त्यांचा मासा 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे सुमारे 10.09 किलोंचा होता. कुरिता यांचा मासा त्याहून जेमतेम एक औंस जड निघाला, तरीही अशा विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशनने, म्हणजे आयजीएफएने, विक्रम मोडल्याचे मान्य न करता दोघांची बरोबरी झाल्याचे जाहीर केले. 25 पौंडांखालच्या माशाचा विक्रम मोडायचा असेल, तर जुन्या वजनापेक्षा किमान 2 औंस, म्हणजे सुमारे 57 ग्रॅम, जास्त भरावे लागतात, आणि त्याहून मोठ्या माशासाठी ही वाढ किमान अर्धा टक्का असावी लागते. सत्त्याहत्तर वर्षांनी आलेली संधी तीसेक ग्रॅमांसाठी अर्धीच फळली.

कुरिता यांच्याकडून कोणतीही चूक झाली नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. बहुतेकांचा मासा मात्र ग्रॅमांसाठी बाद होत नाही. तो बाद होतो पुराव्याअभावी, आणि हा पुरावा मासा बाहेर काढल्यावर घाईघाईने गोळा करू लागल्याने अनेकदा माशाचा जीवही जातो. या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे: गळ पाण्यात पडण्यापूर्वी करायची तयारी मासा लागल्यानंतर सुरू होते.

वजनाच्या आणि तंगुसाच्या चुका

सर्वांत जास्त दावे वजनापाशी अडतात. होडीत उभे राहून केलेले वजन आयजीएफए स्वीकारत नाही, कारण हलत्या होडीत काट्याचा आकडा स्थिर राहत नाही. मासा जमिनीवर आणूनच तोलावा लागतो. लांबी आणि घेर मोजून सूत्राने काढलेले वजनही चालत नाही. लांबीला घेराच्या वर्गाने गुणून आठशेने भागण्याचे, इंच आणि पौंडांतले जुने सूत्र अंदाजासाठी उपयोगी आहे; सेंटिमीटर आणि किलोंत काम करणाऱ्यांनी आठशेऐवजी साधारण 29,000 ने भागावे. परंतु फुगीर पोटाच्या आणि सडपातळ माशाला हे सूत्र सारखे लागू पडत नाही. काटा गेल्या बारा महिन्यांत प्रमाणित केलेला असावा. झोळीतून तोलले असेल, तर ओल्या झोळीचे वजन वेगळे करून ते वजा करावे. कोरड्या झोळीचे वजन वजा केल्यास तिने शोषलेले पाणी माशाच्या नावावर जमा होते.

तंगुसाच्या, म्हणजे गळाच्या दोरीच्या, बाबतीत होणारी चूक जास्त फसवी आहे. विक्रम दोन प्रकारचे असतात: कोणत्याही ताकदीच्या दोरीवर त्या जातीचा सर्वांत मोठा मासा, आणि ठरावीक ताकदीच्या दोरीवरचा सर्वांत मोठा मासा. दुसऱ्या प्रकारात 1, 2, 3, 4, 6, 8, 10, 15, 24, 37 आणि 60 किलो असे वर्ग असतात. पुष्कळ जण वेष्टनावर 6 किलो लिहिलेली दोरी घेतात आणि 6 किलोंच्या वर्गात दावा पाठवतात. प्रयोगशाळेत ती दोरी ओली करून ताणली जाते. बाजारातली बरीचशी दोरी लिहिलेल्या आकड्यापेक्षा मजबूत असते, त्यामुळे ती सात किलोंवर तुटली की दावा थेट 8 किलोंच्या वर्गात जातो, आणि तिथला जुना विक्रम बहुधा बराच मोठा असतो. विक्रमाचा विचार मनात असेल, तर चाचणी केलेली आणि ठरलेल्या आकड्याखाली तुटण्याची हमी असलेली दोरी घ्यावी, आणि मासा लागल्यानंतर तिचा पुढचा भाग कापून फेकून न देता लीडरसकट, म्हणजे गळाला लागून असलेल्या दोरीच्या वेगळ्या तुकड्यासकट, जपून ठेवावा, कारण नमुना तोच द्यावा लागतो.

झुंज चालू असताना मित्राने मदतीसाठी रॉडला किंवा दोरीला हात लावला, तर मासा बाद होतो. लीडर हाताच्या टप्प्यात आल्यावर मात्र सहकाऱ्याने तो धरण्यास हरकत नसते. रॉड होडीच्या काठावर टेकवणे किंवा विजेवर चालणारे रील वापरणे हीसुद्धा बाद ठरण्याची कारणे आहेत. घरच्या माणसांना आणि होडीवाल्याला हे नियम आधीच समजावून सांगितलेले बरे, कारण प्रेमाने पुढे केलेला हात नंतर कोणालाच परत घेता येत नाही.

साक्ष आणि छायाचित्र

9 जुलै 1955 रोजी डेव्हिड हेज यांनी अमेरिकेतील डेल हॉलो जलाशयात 11 पौंड 15 औंसांचा स्मॉलमाउथ बास पकडला. त्या माशात वजने कोंबली होती, असे धक्क्यावरच्या एका कामगाराचे जुने प्रतिज्ञापत्र चाळीस वर्षांनी पुढे आले आणि 1996 मध्ये हा विक्रम यादीतून काढण्यात आला. त्या निवेदनातल्या विसंगती फेरतपासणीत उघड झाल्या, तेव्हा 2005 मध्ये विक्रम हेज यांना परत मिळाला. मधली नऊ वर्षे एका प्रामाणिक माणसाने संशयाखाली काढली. माशाचे पूर्ण लांबीचे, रॉड-रीलसह, काट्यासह आणि पकडणाऱ्यासह असे वेगवेगळे छायाचित्र घ्यावे, तसेच तोलताना हजर असलेल्यांची नावे त्याच दिवशी लिहून घ्यावीत, हा आग्रह एरवी जाच वाटतो. हेज यांचे प्रकरण वाचल्यावर तो तसा वाटत नाही.

मासा सोडून द्यायचा असेल, तर वजनाच्या मागे लागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आयजीएफएने 2011 पासून लांबीचे विक्रम सुरू केले आहेत आणि त्यांची अटच अशी आहे की, मासा अधिकृत मोजपट्टीवर मोजून जिवंत सोडला गेला पाहिजे. मोजताना तोंड मिटलेले असावे आणि नाक पट्टीच्या उभ्या कडेला टेकलेले असावे. पट्टी आधी ओली करणे लोक विसरतात.

मासा सोडला, पण तो जगला का?

पाण्यात परत गेलेला मासा जगतोच, हा फार मोठा गैरसमज आहे. 1992 मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी रेनबो ट्राउट माशांना दमवले आणि बारा तासांनी किती जिवंत राहतात ते पाहिले. नुसते दमवलेले 88 टक्के मासे जगले. दमवून 30 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी 62 टक्के जगले, आणि 60 सेकंद हवेत धरलेल्यांपैकी केवळ 28 टक्के. हा प्रयोगशाळेतला, एकाच जातीवरचा प्रयोग आहे आणि प्रत्येक मासा इतका नाजूक नसतो. तरी कल्ल्यांचे पातळ पडदे हवेत एकमेकांना चिकटतात आणि प्राणवायू घेणे थांबते, ही क्रिया सर्वत्र तीच आहे. भ्रमणध्वनी खिशातून काढून, कुलूप उघडून, चष्मा पुसून छायाचित्र घेईपर्यंत एक मिनिट सहज जाते. म्हणून आधी कॅमेरा तयार ठेवावा, मासा हातजाळीत पाण्यातच असू द्यावा, आणि उचलायचा तो केवळ एका छायाचित्रापुरता.

बाकीच्या चुका वरवर किरकोळ वाटतात. कोरड्या हातांनी धरल्यास माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तिथे बुरशी धरते. गाठी असलेल्या नायलॉनच्या जाळीने पर फाटतात. उन्हाने तापलेल्या कातळावर ठेवलेला मासा पोटाकडून अक्षरशः भाजतो. मोठा मासा जबड्याला पकड लावून उभा टांगला, तर त्याचे सगळे वजन जबड्याच्या आणि मणक्याच्या सांध्यांवर येते, कारण पाण्यात त्याला कधीच स्वतःचे वजन पेलावे लागलेले नसते. सोडताना त्याला पुढेमागे हलवणे हा तर जणू रिवाजच झाला आहे. मागे ओढताना कल्ल्यांतून पाणी उलटे जाते. त्याऐवजी तोंड प्रवाहाकडे करून त्याला हलकेच आधार द्यावा आणि तो स्वतःच्या बळावर निघेपर्यंत थांबावे.

फार बारीक दोरीवर मोठा मासा तासभर झुंजवणे हे कौशल्य समजले जाते. त्या झुंजीत त्याच्या स्नायूंत साचलेले आम्ल त्याला नंतर कित्येक तास छळते, आणि पाणी कोमट असेल तर प्राणवायूही कमी असतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी मासा सोडण्यासाठी गरवणे टाळावे.

गोल गळ, म्हणजे सर्कल हुक, वापरूनही मासे निसटतात अशी तक्रार वारंवार ऐकू येते. कारण जवळजवळ नेहमी एकच असते: माणूस जुन्या सवयीने झटका देतो. आत वळलेल्या टोकाचा हा गळ झटक्याने तोंडातून तसाच बाहेर येतो. मासा आमिष घेऊन वळेपर्यंत थांबून दोरी संथपणे ताणली, तर गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, आणि घशात किंवा पोटात रुतत नाही. याच गुणामुळे अमेरिकेने 2008 पासून अटलांटिकमधील मार्लिन व सेलफिशच्या स्पर्धांत नैसर्गिक आमिषासोबत असाच गळ सक्तीचा केला. गळ खोल रुतलेलाच असेल, तर तो उपसण्याचा हट्ट न धरता दोरी तोंडाजवळ कापावी.

कोकणाच्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यातून हेकरू किंवा तांबोशी वर काढली, तर दाब कमी झाल्याने तिचा हवेचा फुगा फुगतो आणि पोट तोंडातून बाहेर आलेले दिसते. ते पोट सुईने टोचणे ही घातक चूक आहे. वजन बांधलेल्या साधनाने मासा पुन्हा खोलवर नेऊन सोडल्यास तो सावरू शकतो.

जात ओळखण्यातली चूक, आणि कावेरीची कथा

महाशीर, म्हणजे आपल्या नद्यांतला मोठा मासा, ही एकच जात आहे असे समजणे ही आपल्याकडची सर्वांत महागात पडलेली चूक आहे. 22 मार्च 1946 रोजी काबिनी नदीत जे. डी वेट व्हॅन इन्गेन यांनी 120 पौंडांचा महाशीर पकडला. मैसूरच्या ज्या कुटुंबाने हजारो वाघ-बिबटे पेंढा भरून ठेवले, त्यातलेच हे गृहस्थ. त्याआधी 1919 मध्ये कावेरीत मेजर रिव्हेट-कार्नॅक यांनी 119 पौंडांचा मासा पकडला होता. हे दोन्ही कुबड्या महाशीर होते. जगभरच्या शौकिनांना माहीत असलेल्या या माशाचे शास्त्रीय नाव मात्र 2018 पर्यंत निश्चित झालेले नव्हते. केरळच्या पांबार नदीतून 2007 मध्ये वर्णन केलेली टोर रेमादेवी ही जात म्हणजेच तो, हे त्या वर्षी सिद्ध झाले, आणि लगेच त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

या कथेत महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये ज्याचे वर्णन केले, तो दख्खनचा महाशीर, टोर खुद्री, लोणावळ्याला टाटांच्या मत्स्यबीज केंद्रात 1970 च्या दशकापासून वाढवला गेला. हेतू निःसंशय चांगला होता. ती पिल्ले कावेरीत सोडली गेली, तिथे रुजली आणि वाढली, आणि मूळचा कुबड्या मागे पडत गेला. हे कळले कशावरून? कावेरीकाठच्या गालिबोरे या गरवणाऱ्यांच्या तळावर 1998 ते 2012 या काळात गरवणाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक माशांची नोंद ठेवली होती: किती तास गरवले, कोणता मासा लागला, किती वजनाचा. पकडलेल्या माशांची संख्या वाढत होती, सरासरी वजन घटत होते, आणि कुबड्या जवळजवळ नाहीसा होत होता. केवळ मोठे मासे लिहिले असते, तर यातले काहीच दिसले नसते.

म्हणून वहीत लहान मासाही लिहावा, आणि ज्या दिवशी काहीच लागले नाही तो दिवसही तासांसह लिहावा. बाजूने काढलेल्या छायाचित्रात परांचा रंग आणि पाठीचा उंचवटा स्पष्ट दिसावा. दुसऱ्या खोऱ्यातली पिल्ले आपल्या नदीत सोडण्याचा उपक्रम कोणी कौतुकाने सांगितला, तर ती कोणत्या जातीची आणि कुठून आणलेली, हे विचारावे. पावसाळ्यात महाशीर अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढतो, तेव्हा त्याच्या मागे जाऊ नये. धरणाच्या जलाशयात मासेमारीचा हक्क बहुधा मच्छीमार संस्थेकडे असतो, तेव्हा परवानगी तिच्याकडे मागावी. अभयारण्यात गळ टाकूच नये. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवाचे मासे म्हणून महाशिराला कोणी हात लावत नाही, आणि तिथे न्यायची वस्तू म्हणजे मूठभर चुरमुरे.