मराठवाड्यातून व्याघ्रसफारी: आधी गेट ठरवा, मग खोली

बहुतेक जण आधी रिसॉर्ट बघतात, आगाऊ पैसे भरतात आणि मग सफारी शोधायला बसतात. तोवर त्या बाजूच्या गेटची बुकिंग संपलेली असते आणि मिळते ती दुसऱ्या टोकाच्या गेटची. ताडोबात हे फार महागात पडतं. मोहर्ली गेट चंद्रपूरकडून, तर कोलारा चिमूरकडून. नकाशावर दोन्ही एकाच जंगलाची दारं दिसतात, पण बाहेरच्या रस्त्याने एकाहून दुसऱ्याला जायला दोन तासांहून जास्त लागतात. पहाटेच्या फेरीसाठी मग रात्री तीनलाच उठावं लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: जंगल, गेट, सफारीचं परमिट आणि सगळ्यात शेवटी खोली.

नांदेड, हिंगोली, परभणीकरांनी पहिली सहल टिपेश्वरचीच करावी. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य जेमतेम 148 चौरस किलोमीटरचं आहे, पण वाघ भरपूर. जागा अपुरी पडते म्हणून इथले तरुण वाघ बाहेर पडतात; त्यातलाच एक 2024 च्या अखेरीस पार धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात पोचला होता. नांदेडहून गाडीने चारेक तास धरा. रेल्वेने जायचं तर नंदीग्राम एक्स्प्रेस संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, किनवट करत आदिलाबादला जाते. तिथून महामार्गाने टॅक्सी करून पुढे. मुक्काम सुन्ना गेटच्या आसपास मिळाला तर उत्तम, नाहीतर पांढरकवड्यात साधे लॉज आहेत.

ताडोबाला मात्र तीन दिवस हातात हवेत. संभाजीनगर-जालन्याहून समृद्धीने वर्ध्यापर्यंत जाऊन जाम आणि गिरड या गावांवरून चिमूर गाठता येतं, म्हणून तिकडच्यांना कोलारा सोयीचं. नांदेड-किनवटच्या बाजूने येणाऱ्यांना चंद्रपूर-मोहर्ली बरं. कोअर, म्हणजे जंगलाचा गाभा, मंगळवारी बंद असतो आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबरही बंदच. रविवारी रात्री मुक्काम आणि मंगळवारी सकाळी परत, असा बेत आखणारे एक फेरी हमखास गमावतात.

दोन मुक्कामांत जास्तीत जास्त चार फेऱ्या बसतात: पहिल्या दिवशी दुपारची, दुसऱ्या दिवशी दोन्ही, तिसऱ्या दिवशी सकाळची. रात्रभर गाडी चालवून येणार असाल तर पहिली दुपारची सोडाच, जिप्सीत डुलक्या घेण्यासाठी पैसे कशाला घालवायचे? पण एकाच फेरीवर सहल टांगू नका, तीन तरी हव्यात. त्यातली एखादी बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातली ठेवा. स्वस्त पडते आणि वाघ कोअर-बफरची हद्द पाळत नाही.

परमिट वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. सारख्या नावाच्या खासगी साइट वरचे पैसे लावतात. ओळखपत्रावर जसं नाव आहे, अक्षर न् अक्षर तसंच भरा आणि तेच मूळ ओळखपत्र सोबत न्या. नाव नंतर बदलून मिळत नाही, तेव्हा 'काका नाही आले तर मेहुणा बसेल' हे चालत नाही. जिप्सीत सहा पर्यटक बसतात. सात जणांच्या कुटुंबाला दोन जिप्स्या लागतात, हे आधीच हिशोबात धरा. प्रवेश, जिप्सी आणि गाईड यांचे दर वेगवेगळे असू शकतात, म्हणून एकूण रक्कम विचारा.

खोली घेताना फोनवर चार गोष्टी विचारा: तुमच्या परमिटवरच्या गेटपर्यंत किती किलोमीटर, पहाटे साडेचारला गरम पाणी आणि चहा मिळतो का, नाश्ता बांधून देतात का, आणि वीज गेल्यावर जनरेटरवर एसी चालतो का. शेवटचा प्रश्न एप्रिल-मेसाठी. चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि दोन फेऱ्यांमधली दुपार खोलीतच काढायची असते. 'जंगलाला लागून' या शब्दांवर जाऊ नका. नकाशात हॉटेलपासून गेटपर्यंतचा रस्ता स्वतः मोजा. दहा किलोमीटरच्या आत असेल तर ठीक.

वाघ दिसण्याची शक्यता मार्च ते मे जास्त: पानगळ झालेली, पाणवठे मोजके. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल देखणं, पण गवत उंच असतं. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जिप्सीत कानटोपी आणि जाड जॅकेट लागतंच, कितीही सोलापुरी चादरी अंगावर घेतल्या तरी. एरवी मळखाऊ रंगाचे कपडे आणि धुळीसाठी उपरणं पुरे. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे फोटो काढायचे तर कॅमेरा हवा. धपाटे-चटणी खोलीवर खा, गाडीत नको.

आत गेल्यावर 'वाघ दाखवा' म्हणून ड्रायव्हरमागे लागलं की तो नुसता पळवत सुटतो. पाणवठ्याजवळ इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबायला सांगा. वानराचा खकारा, चितळाची तीक्ष्ण हाक म्हणजे शिकारी प्राणी आसपास असल्याचा इशारा; ती ऐकू आली तर हालू नका. सांबराने हाक दिली तर वाघ-बिबट्या जवळच असल्याची शक्यता अधिक, कारण सांबर उगाच ओरडत नाही.

शेवटच्या सकाळच्या फेरीहून परतायला दहा वाजतात आणि चेकआउट बहुधा तेव्हाच असतो. तासभर वाढवून मिळेल का ते बुकिंग करतानाच ठरवा. पहाटे चारला उठलेल्या तुमच्या गाडीच्या ड्रायव्हरला जेवून दोन तास झोपू द्या, मगच निघा.